मेकॅनिकल मॉड: बिघाड कुठे शोधायचा, निगा कशी राखायची

परवा इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये ओळखीतल्या एका मुलानं आपला मेकॅनिकल मॉड, म्हणजे आत सर्किट नसलेली धातूच्या नळीची ई-सिगारेट, माझ्या हातात ठेवला. "काका, हल्ली वाफच येत नाही हो. बटण मात्र चांगलंच तापतं." मी सेल बाहेर काढला, बटण उघडलं. आतला पितळी कॉन्टॅक्ट महिनाभर न घासलेल्या समईसारखा काळवंडला होता. तो घासला, पुसला, आटे स्वच्छ केले. दहा मिनिटांत वाफ पहिल्यासारखी. पोरगा खूश होऊन उठायला लागला, तेवढ्यात माझं लक्ष टेबलावरच्या सेलकडे गेलं. वरच्या कडेला, पॉझिटिव्ह टोकाच्या अगदी जवळ, सेलवरचं प्लॅस्टिक तांदळाच्या दाण्याएवढं सोललं होतं आणि आतला पत्रा चमकत होता. त्याची त्यानं तक्रार केली नव्हती. कशी करणार? त्याचा त्याला काही त्रासच नव्हता.

ज्या बिघाडाची तक्रार घेऊन तो आला, त्यानं फार तर वाफ कमी झाली असती. ज्याची तक्रार नव्हती, त्यानं हात किंवा तोंड भाजलं असतं, कदाचित त्याहूनही वाईट. मला या लेखात सांगायचंय ते एवढंच: या उपकरणातले जवळपास सगळे विजेचे बिघाड दोन जातींचे असतात. जिथं रेझिस्टन्स, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, नको तिथं तो आलेला असतो, नाहीतर जिथं हवा तिथून तो गेलेला असतो. पहिल्या जातीचा बिघाड लगेच जाणवतो. दुसऱ्या जातीचा जाणवेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो, म्हणून तो शोधायला आपणहून जावं लागतं.

मी मूळचा इचलकरंजीचा. यंत्रमागाच्या मोटरी रिवाइंड करणाऱ्या काकांच्या दुकानात माझी चार वर्षं गेली. काकांचा एकच धोशा असायचा: आधी लूज कॉन्टॅक्ट बघ, मग मोटर खोल. वीस वर्षं सिगारेट ओढून झाल्यावर ती सोडण्यासाठी मी इंग्लंडमध्ये वेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळलो आणि तिथं हेच शिक्षण कामाला आलं. सुरुवातीलाच एक स्पष्ट सांगतो. निकोटिन व्यसन लावतं, आणि जो सिगारेट ओढत नाही त्यानं या वाटेला जाऊच नये. भारतात तर २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठवण सगळ्यावर बंदी आहे. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे पुण्या-मुंबईला जाताना हे सामान इथंच घरी ठेवायचं. हा लेख ज्यांच्या हातात हे उपकरण कायदेशीरपणे आधीच आहे आणि ज्यांना ते समजून वापरायचंय, त्यांच्यासाठी आहे.

आत असतं काय

धातूची एक नळी, तिच्यात १८६५० जातीचा एक लिथियम सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब), खाली एक बटण आणि वर अ‍ॅटोमायझर. अ‍ॅटोमायझरमध्ये तारेची कॉइल आणि तिच्यातून ओवलेली कापसाची वात. बटण दाबलं की सेलच्या खालच्या निगेटिव्ह टोकापासून करंट बटणातून नळीत, नळीतून अ‍ॅटोमायझरच्या अंगात, तिथून कॉइलमधून मधल्या पिनवाटे सेलच्या पॉझिटिव्ह टोकाशी, असा फेरा पूर्ण होतो. (दिशा उलटी धरली तरी आपल्या कामाला फरक पडत नाही.) कॉइल तापते, वातीतल्या द्रवाची वाफ होते. झालं, एवढंच.

चिपवाल्या मॉडमध्ये एक छोटं सर्किट असतं. कॉइलचा रेझिस्टन्स मोजणं, शॉर्ट असेल तर करंटच न सोडणं, सेल फार उतरला तर बंद होणं, बटण दहा सेकंद दाबलेलं राहिलं तर तोडणं, ही कामं ते करतं. मेकॅनिकलमध्ये यातलं काहीही नाही. ती सगळी कामं वापरणाऱ्यानं करायची असतात, आणि दर वेळी करायची असतात.

थोडा हिशेब

शाळेत शिकलेला ओहमचा नियम इथं रोज लागतो. व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स म्हणजे करंट. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टचा. समजा, कांथल या मिश्रधातूच्या तारेची २४ गेजची, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची कॉइल केली. ३ मिलिमीटरच्या सळीवर सात वेढे घेतले. पायांसकट सुमारे ८७ मिलिमीटर तार लागते आणि तिचा रेझिस्टन्स साधारण ०.६ ओहम येतो. अशा दोन कॉइल शेजारी-शेजारी बसवल्या की दोघींचा मिळून ०.३. मग ४.२ भागिले ०.३, म्हणजे १४ अँपिअर.

हा आकडा केवढा आहे, ते बघा. घरातली १००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही घेत नाही. म्हणजे तिच्या तिपटीहून जास्त करंट तुमच्या मुठीतल्या नळीतून वाहतोय. व्होल्टेज कमी असल्यामुळे शॉक बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण जोड तापवतो, वितळवतो तो करंट.

आता सेलकडे या. सॅमसंगचा २५आर हा सेल २५०० एमएएचचा (हे साठ्याचं माप) आणि सतत २० अँपिअर देणारा. त्यांचाच ३०क्यू ३००० एमएएचचा, पण १५ अँपिअरचा. एकाच आकारात साठा वाढवला की करंट द्यायची ताकद साधारणपणे कमी होते. म्हणूनच ज्या सेलवर ५००० एमएएच किंवा '३००० एमएएच, ४० अँपिअर' छापलेलं असतं, तो १८६५० आकारात खोटा समजावा. मी स्वतः एकदा असा सेल एका दुकानातून घेतला होता. वरचं रंगीत प्लॅस्टिक काढलं तर आत दुसराच जुना सेल निघाला, खालच्या टोकावर वेल्डिंगच्या खुणा, म्हणजे कुठल्या तरी लॅपटॉपच्या पॅकमधून उपटलेला. त्या दिवसापासून मी सेलच्या छापील आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या वर कधी जात नाही. २० अँपिअरच्या सेलवर ०.३ ओहम, म्हणजे १४ अँपिअर, इथं थांबतो. ०.१५ ओहमला हाच आकडा २८ वर जातो. वाफेच्या ढगांच्या हौसेपायी तिथं जाणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणतो. दोन सेल एकावर एक ठेवणाऱ्या लांब नळ्यांनाही माझं तेच उत्तर: तिथं व्होल्टेज दुप्पट, त्यामुळे त्याच कॉइलमधून करंटही दुप्पट.

कॉइलचा रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरनं मोजू नका. त्याच्या दोन्ही वायरींची टोकं एकमेकांना लावून बघा. बऱ्याच मीटरवर ०.२ किंवा ०.३ ओहम दिसतो. जे मोजायचं तेवढीच चूक मीटरमध्ये आधीपासून! यासाठी कॉइल मोजायचा वेगळा ओहम मीटर मिळतो, किंवा एखादा चिपवाला मॉड जवळ ठेवावा. माझा शिरस्ता असा की नवी कॉइल आधी चिपवाल्यावर चढवायची, तिथं मोजायची, तिथंच पहिल्यांदा लाल करून बघायची, आणि नंतरच मेकॅनिकलवर न्यायची.

नको तिथं रेझिस्टन्स: वाफ कमी, बटण गरम

त्या मुलाच्या मॉडमध्ये हेच झालं होतं. काळवंडलेल्या कॉन्टॅक्टनं समजा २० मिलिओहम, म्हणजे एक ओहमचा पन्नासावा भाग, एवढा अडथळा आणला. ऐकायला काहीच नाही. पण १४ अँपिअर त्यातून गेले की पाव व्होल्टहून जास्त तिथंच खर्ची पडतो आणि जवळजवळ ४ वॉट उष्णता त्या इवल्याशा चकतीत तयार होते. कॉइलला मिळायची ती ताकद बटण तापवण्यात जाते.

म्हणून निदानाची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे बोट लावणे. दोन-तीन झुरके झाले की नळी खालपासून वरपर्यंत चाचपून बघा. बटण गरम म्हणजे दोष खालच्या कॉन्टॅक्टमध्ये किंवा स्प्रिंगमध्ये. नळीचा सांधा गरम म्हणजे तिथले आटे मळलेत. वरचं टोक कोमट लागणं साहजिक आहे, अ‍ॅटोमायझरची ऊब तिथं उतरते. पण सेल असलेला मधला भाग गरम लागला तर ती साफसफाईची गोष्ट राहिली नाही. तिथं सेलच शिणतोय: एक तर कॉइल त्याच्या ताकदीबाहेरची आहे, नाहीतर तो म्हातारा झालाय. लगेच थांबायचं.

सफाई आठवड्यातून एकदा. सेल आधी बाहेर, हे बोलायलाच नको. नळीत इलेक्ट्रॉनिक्स नसल्यामुळे ती सरळ कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून धुता येते. तांब्या-पितळेच्या मॉडला आजीची चिंच-मीठ युक्ती उत्तम लागू पडते. मी बटाट्याएवढी चिंच भिजवून नळी, बटणाची चकती, सगळं त्यात चोळतो, तांबं दोन मिनिटांत गुलाबी होतं. मात्र चिंचेचा अंश आट्यांत राहिला तर दोन दिवसांत हिरवट थर धरतो, म्हणून भरपूर पाण्यानं धुवायचं आणि शेवटी जुन्या टूथब्रशनं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून आटे घासायचे. चांदीचा मुलामा असलेल्या कॉन्टॅक्टला चिंच नको, पॉलिश पेपर तर मुळीच नको. नुसतं अल्कोहोल आणि मऊ कापड. मुलामा एकदा खरवडला गेला की गेला. आट्यांना घरातलं तेल किंवा ग्रीस फासू नका. फिरवायला बरं वाटतं, पण याच आट्यांमधून करंट जायचा असतो आणि त्या चिकटपणावर धूळ बसते. सगळं पूर्ण कोरडं झाल्याशिवाय सेल आत घालायचा नाही. मी रात्री धुतो, सकाळी जोडतो.

अजिबातच पेटत नसेल तर घाबरून उघडझाप करण्याआधी क्रम लावा. बटणाचं लॉक लागलंय का? सेल चार्ज आहे का आणि बरोबर दिशेनं आहे का? हलवल्यावर सेल आत खडखडतो का? खडखडत असेल तर कुठंतरी टेकतच नाही. अ‍ॅटोमायझर ओहम मीटरवर काय दाखवतो? काहीच दाखवत नसेल तर तार तुटली किंवा स्क्रू ढिला. आकडा आज ०.३१, उद्या ०.३८, परत ०.३३ असा नाचत असेल तर हमखास स्क्रू. आकडा नुसताच खाली गेला असेल, ०.३१ चा ०.२४, तर तो मात्र दुसऱ्या जातीचा बिघाड आहे.

हवा तिथं रेझिस्टन्स नाही: शॉर्ट

सेलला आपल्या कल्पनेत प्लॅस्टिकच्या कपड्यात गुंडाळलेला पत्र्याचा डबा समजा. लोकांना वाटतं, वरचं टोक पॉझिटिव्ह आणि खालचं निगेटिव्ह. खरं म्हणजे वरची छोटी टोपी सोडली तर अख्खा डबा निगेटिव्ह आहे, अगदी त्या टोपीच्या भोवतीच्या कडेपर्यंत. दोघांमध्ये अंतर असतं मिलिमीटरभराचं, आणि आडवं असतं ते पातळ प्लॅस्टिक आणि एक कागदी कडं.

आता हे प्लॅस्टिक बाजूला कुठं फाटलं, तर डबा थेट नळीला टेकतो. म्हणजे खालच्या बटणाला वळसा घालून वाट तयार झाली. बटण न दाबता कॉइल पेटलेली राहणार, खिशात, पर्समध्ये, झोपेत. आणि वर, टोपीजवळ फाटलं, तर अ‍ॅटोमायझरचा किंवा नळीचा धातू दोन्ही टोकांना एकदम शिवू शकतो. मग मधे कॉइलही नाही. सेलच्या पोटातला रेझिस्टन्स जेमतेम दहा-वीस मिलिओहमच्या घरात असतो; करंट शंभर अँपिअरच्या वर जाऊ शकतो. सेल काही सेकंदांत इतका तापतो की आतली रसायनं स्वतःच उष्णता सोडायला लागतात आणि तिथून तो थांबत नाही. बंद नळीत वायूला जागा नसली तर ती नळी बंदुकीसारखी वागते. मे २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडामधल्या सेंट पीटर्सबर्ग इथं एका ३८ वर्षांच्या माणसाचा जीव मॉड फुटूनच गेला. मॉडचे तुकडे त्याच्या डोक्यात घुसले होते.

म्हणून दर वेळी सेल घालताना तो खिडकीशी धरून बोटांत एकदा पूर्ण फिरवायचा. नखाला लागेल एवढीही खरचट दिसली तर तो सेल वापरायचा नाही. बाकी धडधाकट असेल तर नवं प्लॅस्टिकचं आवरण काही पैशांत मिळतं. कागदी कडं बसवून, आवरण चढवून, हेअर ड्रायरच्या गरम वाऱ्यानं आकसवायचं. त्या मुलाचा सेल मी त्याच्यासमोर असाच नवा केला. पण पत्र्याला पोचा असेल, सेल पाण्यात किंवा उंचावरून पडला असेल, तर आवरण बदलून उपयोग नाही.

दुसरी जागा म्हणजे मधली पिन. काही नळ्यांना वर वेगळा कॉन्टॅक्ट नसतो. अ‍ॅटोमायझरची पिन सरळ सेलच्या टोपीवर टेकते. यांना हायब्रिड म्हणतात. यात पिन भोवतीच्या आट्यांपेक्षा स्पष्ट पुढे आलेली आणि पक्की हवी. ती आत दबलेली असेल तर टोपीला पिनऐवजी आट्यांची कड टेकते, आणि ती कड निगेटिव्ह. बटण दाबलं की सरळ शॉर्ट. पिनेभोवतीचं इन्सुलेटरही बघा. साधा डेलरिन (एक प्लॅस्टिक) १७५ अंशांच्या आसपास वितळतो. एकदा जरी आतून पिवळसर, दबलेला दिसला तरी बदलून टाकायचा. पीक (PEEK) नावाच्या प्लॅस्टिकचं इन्सुलेटर याच्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता सोसतं, मिळालं तर तेच घ्या. दाबल्यावर आत जाणारी, स्प्रिंगवाली पिन असलेला अ‍ॅटोमायझर हायब्रिडवर कधीच चढवायचा नाही, मग तो कितीही महागाचा असो.

तिसरी जागा कॉइलचे पाय. स्क्रूच्या बाहेर तारेचं टोक एक मिलिमीटर जरी उरलं तरी ते खालच्या डेकला, म्हणजे कॉइलच्या बैठकीला, किंवा कॉइलवरच्या झाकणाच्या टोपीला शिवतं. वाइंडिंगच्या दुकानात मोटर जळून आली की निम्म्या वेळा कारण असंच एखादं न कापलेलं टोक असायचं. पाय स्क्रूशी सपाट कापा आणि टोपी घालून पुन्हा मोजा. टोपी घातल्यावर आकडा बदलला तर काहीतरी टेकतंय.

बटणाचंही बघून घ्या. स्प्रिंगमधून करंट जात असेल तर ती तापून-तापून मरते, बटण पूर्ण वर येत नाही, आणि मॉड टेबलावर उभा ठेवला की आपोआप पेटतो. चुंबकवाल्या बटणाचं चुंबकही फार तापलं तर ताकद गमावतं. सेल न घालता बटण वीसेक वेळा दाबून सोडा. प्रत्येक वेळी स्वच्छ उसळून यायला हवं. खिशात ठेवताना लॉक, आणि घरी आल्यावर सेल बाहेर. नळीला वायू निघायची भोकं असलीच पाहिजेत. ती नसलेली नळी, कितीही देखणी असली तरी, फुकट मिळाली तरी घेऊ नका.

कॉइल आणि वात

इथं धोका कमी, त्रास जास्त. करपट वास आला की लोक कॉइलला दोष देतात. दोष बहुतेक वेळा वातीचा असतो. निरांजनाची वात फार घट्ट वळली तर तूप वर चढत नाही आणि वात जळते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. इथंही तेच. कापूस कॉइलमधून ओढताना हलका अडखळावा, पण कॉइल वाकडी होऊ नये. ग्लिसरीन जास्त असलेला घट्ट द्रव असेल तर वात आणखी सैल.

दोन कॉइलपैकी एक आधी लाल होत असेल तर पायांची लांबी किंवा स्क्रूची पकड सारखी नाही. एकाच कॉइलमध्ये एखादा वेढा आधी भडकत असेल तर चिनी मातीच्या टोकाच्या चिमट्यानं वेढे हळूच दाबून घ्या, हे काम चिपवाल्या मॉडवर कमी वॉटला करा. चांगली कॉइल मधून सुरू होऊन कडांकडे सारखी लाल होत जाते. काळा थर बसला की कापूस काढून तिथंच दोन-तीनदा हलकी तापवायची, पाण्याखाली ब्रश फिरवायचा. गोड चवीच्या द्रवानं हा थर फार लवकर बसतो.

सेलचं आयुष्य

नळीत बंद करणारं सर्किट नाही, म्हणून सेल किती उतरला ते आपणच ओळखायचं. झुरका मंदावला की तो बाहेर काढून व्होल्ट मोजा; ३.५ च्या आसपास चार्जिंगला लावतो मी. अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करायच्या भरीस पडू नका. चार्जर स्वतंत्र हवा, एक अँपिअरचा पुरतो, आणि झोपताना लावून ठेवायचा नाही. सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकणं म्हणजे वर सांगितलेला शॉर्ट स्वतःच्या मांडीवर करून घेणं. प्लॅस्टिकची डबी दीड-दोन पौंडांत येते. सॅमसंग आणि एलजी या कंपन्या स्वतःच सांगतात की त्यांचे असे सुटे सेल वेपमध्ये वापरण्यासाठी बनवलेले नाहीत. हे वाक्य माहीत असूनही आपण ते वापरतो, म्हणून काळजीची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर.

हातात असताना सेल एकदम तापू लागला, सूं-सूं आवाज किंवा गोडसर उग्र वास आला, तर उघडायच्या भानगडीत न पडता मॉड अंगणात, दगडावर, काँक्रीटवर ठेवून लांब व्हायचं. पेटलं तर इथं अग्निशमन दलाला ९९९ वर फोन.

मी प्रत्येक नव्या सेलवर मार्करनं महिना आणि वर्ष लिहितो. रोजच्या वापरात वर्षभर झालं की मेकॅनिकलमधून तो निवृत्त होऊन टॉर्चमध्ये जातो. टॉर्चमध्येही दमला की दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावायची आणि सुपरमार्केटच्या दाराशी ठेवलेल्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकायचा, घरच्या कचऱ्यात नाही.